बोरनहाणाची यादी आणि सर्वांत लहान पाहुणा

बोरनहाणाच्या सामानाची यादी घरोघर साधारण सारखीच असते. बोरं, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाच्या गंडेऱ्या, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या, बत्तासे, काटेरी हलवा. अलीकडे त्यात रंगीत चॉकलेटच्या गोळ्या, टॉफ्या आणि जेलीही येऊन बसल्या आहेत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोयीचा दिवस पाहायचा, बाळाला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे, रांगोळी काढून पाटावर बसवायचं, औक्षण करायचं आणि मग हा सगळा खाऊ त्याच्या डोक्यावरून ओतायचा. भोवती जमलेल्या मुलांनी तो वेचायचा, लुटायचा. आपल्या वर्षभराच्या सणावारांत निव्वळ लहान मुलांसाठी असलेला इतका देखणा समारंभ मला तरी दुसरा माहीत नाही. मला तो मनापासून आवडतो, आणि तो बंद व्हावा म्हणून मी हे लिहीत नाही.

पण हीच यादी एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या नजरेने वाचून पाहा. बोराच्या आत टणक बी. शेंगेत दाणे. घाट्यात हरभरा. गंडेरीचा चोथा चघळून बारीक होत नाही. टॉफी गोल, कडक आणि लाळेने निसरडी होणारी. लहान मुलाच्या श्वासनळीत अडकू शकतील अशा वस्तू शोधून आणायला सांगितल्या, तर यापेक्षा वेगळी पिशवी भरता येणार नाही. हे सगळं आपण जमिनीवर ओततो, आणि ज्यांना अजून नीट चावता येत नाही अशा मुलांना म्हणतो, ‘पळा, पटापट वेचा, नाहीतर संपेल!’

आमच्या नातीचं बोरनहाण पुण्यातल्या आमच्या घरी झालं. ती तेव्हा दोन वर्षांची होती. इमारतीतली मुलं, त्यांच्या आया, आज्या, सुनेच्या मैत्रिणी असं घर भरलं होतं. शेजारच्या बाई त्यांच्या दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन आल्या होत्या. खाऊ ओतला तशी मुलं धावली आणि हा छोटाही कडेवरून खाली उतरला. मोठी मुलं तिथंच शेंगा फोडून दाणे तोंडात टाकत होती. एका प्रेमळ ताईने दोन दाणे सोलून याच्याही हातावर ठेवले. तेवढ्यात कुणाचा तरी फुगा फुटला, सगळी मुलं खदखदून हसली, हाही हसला, आणि त्याला ठसका लागला.

चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, खोकल्याची उबळ थांबेना. कुणी ‘वर बघ, वर बघ’ म्हणालं, कुणी टाळूवर फुंकर घातली, कुणी पाण्याचा पेला घेऊन धावलं. मिनिटभरात खोकला थांबला. तो आईच्या खांद्यावर मान टाकून शांत झाला. ‘गेला खाली’ असं चारचौघींनी म्हटलं, सगळ्यांना हायसं वाटलं आणि हळदीकुंकू पुढे सुरू झालं.

त्यानंतर त्याला खोकला लागला. थंडीचे दिवस, घरोघर सर्दी-खोकला, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही. खोकल्याचं औषध सुरू झालं. मध्ये बरं वाटायचं, पुन्हा उबळ यायची. मग ताप आला, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. बालदम्याची शंका निघाली, वाफ देऊन झाली. शेवटी तपासताना डॉक्टरांच्या लक्षात आलं, की छातीच्या उजव्या बाजूला हवा कमी जाते आहे. त्यांनी आईला विचारलं, “मध्यंतरी काही खाताना जोराचा ठसका लागला होता का?” तेव्हा तिला आमचं घर आठवलं.

छातीच्या एक्स-रेमध्ये दाणा दिसत नाही. नाणं किंवा टाचणी दिसते, कारण धातू क्षकिरण अडवतो. दाणा, हरभरा, गाजराचा तुकडा यांतून किरण आरपार जातात. चित्रात दिसलं ते एवढंच, की उजवं फुप्फुस डाव्यापेक्षा जास्त फुगलेलं आहे. अडकलेल्या दाण्याच्या कडेने श्वास घेताना हवा आत जात होती, पण सोडताना ती पुरती बाहेर येत नव्हती. मुलाला पूर्ण भूल देऊन, तोंडावाटे श्वासनळीत दुर्बीण घालून तो दाणा काढला. अर्धाच होता, पण ओलाव्याने फुगलेला, आणि भोवतालचा भाग सुजून लाल झालेला. मुलगा बरा झाला, आता शाळेत जातो. त्याला आत नेलं तेव्हा त्याच्या आईबरोबर मी बाहेरच्या बाकावर बसले होते. त्या बाकावर जे ऐकलं आणि नंतर विचारून, वाचून जे समजून घेतलं, ते बोरनहाण करणाऱ्या प्रत्येक घरापर्यंत पोचावं अशी माझी फार इच्छा आहे.

आधी हे का होतं ते. मुलांना पुढचे दात लवकर येतात, दाढा उशिरा. पहिल्या दाढा साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात, आणि त्यामागच्या दाढा दोन वर्षांच्या आगेमागे, काहींना अडीच वर्षं उलटल्यावरसुद्धा. म्हणजे दीड वर्षाचं मूल पुढच्या दातांनी दाणा फोडू शकतं, पण दळू शकत नाही. तोंडात अर्धे, पाव तुकडे तसेच फिरत राहतात. गिळताना श्वासनळीवर झाकण पडतं. हसताना, रडताना, ओरडताना ते उघडं असतं आणि श्वासही खोल घेतला जातो. त्याच क्षणी तोंडातला तुकडा आत ओढला जातो. या वयातली श्वासनळी मुलाच्या स्वतःच्या करंगळीएवढी, आणि तिच्या पुढच्या दोन फांद्या त्याहून अरुंद. पोरांचा खोकलाही मोठ्यांच्या खोकल्याइतका जोरकस नसतो, त्यामुळे अडकलेलं बाहेर फेकायला तो कमी पडतो. एक ते तीन वर्षांची मुलं या अपघातात सर्वांत जास्त सापडतात ती यामुळे, आणि मुलांच्या श्वासनळीतून डॉक्टर ज्या वस्तू काढतात त्यांत शेंगदाण्याचा नंबर फार वरचा आहे. त्यातलं तेल आतल्या नाजूक अस्तराला झोंबतं, सूज येते, पू होतो, न्यूमोनिया होतो.

आणि ती शांतता. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. ठसका थांबला म्हणजे तुकडा पोटात गेला, असा आपला सगळ्यांचा समज असतो. तसं बऱ्याचदा होतंही. पण काही वेळा तुकडा खाली सरकून एका फांदीत रुतून बसलेला असतो, तिथली जागा त्याला सरावते आणि खोकला थांबतो. मूल खेळतं, जेवतं, झोपतं. हा मधला काळ काही तासांचा असू शकतो, काही दिवसांचा किंवा आठवड्यांचाही. नंतर जो खोकला सुरू होतो त्याचा त्या संध्याकाळशी संबंध आहे हे आईच्या मनातही येत नाही आणि डॉक्टरांना ते कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून ज्या मुलाला खाताना जोराचा ठसका लागला, जीव घाबरा झाला, त्याला मागाहून कितीही बरं दिसलं तरी डॉक्टरांकडे न्यावं आणि नेमक्या शब्दांत सांगावं: काय खात होता, कधी, आणि किती वेळ खोकत होता. ‘खोकला आहे’ या दोन शब्दांनी डॉक्टरांना यातलं काहीच कळत नाही.

घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आम्ही नाही का वाढलो? आमच्या वेळी कुणाला काही झालं नाही.’ मी स्वतः आजी आहे, त्यामुळे यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे. श्वासनळीत दुर्बीण घालून अडकलेली वस्तू काढण्याची सुरुवात जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये गुस्ताव किलियन या डॉक्टरांनी १८९७ साली केली. एका शेतकऱ्याच्या श्वासनळीतून त्यांनी हाडाचा तुकडा काढला. पुढे अमेरिकेत शेव्हालिये जॅक्सन यांनी हे तंत्र वाढवलं. रुग्णांच्या अन्ननळीतून आणि श्वासनळीतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जपून ठेवल्या. त्या आजही फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात खणाखणांतून मांडलेल्या आहेत. आपल्याकडे ही सोय गावागावांत पोचायला फार काळ गेला, आणि अजूनही ती सगळीकडे पोचलेली नाही. आमच्या आज्यांच्या काळी एखाद्या पोराच्या छातीत दाणा अडकला असता, तर तो कळायचं साधनच नव्हतं. ‘छाती भरली’ एवढंच म्हटलं गेलं असतं. तेव्हा कुणाला काही झालं नाही, असं आपण खात्रीने म्हणू शकत नाही.

आता करायचं काय? यादी ठरवताना आपण ज्याचं बोरनहाण आहे त्या मुलाकडे पाहतो. पाहायला हवं ते त्या दिवशी घरात येणाऱ्या सर्वांत लहान पाहुण्याकडे. तुमची मुलगी पाच वर्षांची आणि सगळं चावून खाणारी असेल, पण मैत्रीण दहा महिन्यांच्या रांगत्या बाळाला घेऊन येणार असेल, तर यादी त्या रांगत्या बाळाची. जमिनीवर जे पडणार ते त्याच्या हाताशी येणार, आणि हाताशी आलेलं तोंडात जाणार. म्हणून आमंत्रण देतानाच विचारून घ्यावं, ‘कोण कोण येणार, धाकटं किती वर्षांचं?’ दाणे, तीळ, दूध यांपैकी काही कुणाला सोसत नाही का, हेही त्याच फोनवर विचारावं. तिळाची आणि दाण्याची ॲलर्जी आपल्याकडच्या मुलांतही असते, आणि संक्रांतीच्या खाऊत तर ही दोन्ही हटकून असतात.

डोक्यावरून ओतायला शेवंतीच्या, गुलाबाच्या, झेंडूच्या पाकळ्या घ्याव्यात. त्या हलक्या असतात, डोक्याला लागत नाहीत, काळ्या झबल्यावर सुंदर दिसतात आणि फोटोही छान येतात. सोबत मूठभर चुरमुरे चालतील. ते लाळेने लगेच मऊ पडतात. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर चुरमुरेही नकोत, नुसत्या पाकळ्या, आणि त्याही तोंडात जात नाहीत ना हे बघत. बोरांशिवाय बोरनहाण कसं, असं वाटणं स्वाभाविक आहे. त्यासाठी पाच बोरं औक्षणाच्या तबकात ठेवावीत, ती बाळाच्या डोक्यावरून ओवाळावीत आणि तबक उचलून आत न्यावं. विधी होतो आणि जमिनीवर काही पडत नाही.

लुटायची गंमत मात्र मुलांकडून काढून घेऊ नये. ती तर या समारंभाचा जीव आहे. आम्ही पुढच्या संक्रांतीला जुन्या साड्यांच्या तुकड्यांची कापडी बोरं शिवली, आत कापूस भरून. हिरवी, पिवळी, तांबडी, आणि आकाराने चांगली लिंबापेक्षा मोठी. तीच ओतली, मुलांनी तीच लुटली, आणि मग ज्याने त्याने आपली बोरं आणून दिली की खाऊची पुडी मिळायची. पुडी मुलाच्या नाही, त्याच्या आईबाबांच्या हातात. पुडीत वयाप्रमाणे खाऊ: मोठ्यांना शेंगा, बोरं, गंडेऱ्या, धाकट्यांना दुसरं काही. मुलांना ही अदलाबदल इतकी आवडली, की बोरं परत ओता म्हणून ती मागे लागली. शिवलेली बोरं धुऊन ठेवता येतात, दर वर्षी चालतात. शिवण मात्र पक्की हवी आणि वर मणी, टिकली, बटण काही लावू नये.

आकाराबद्दल एक साधी कसोटी सांगते. टॉयलेट पेपर संपल्यावर जी पुठ्ठ्याची नळी उरते, तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी ठेवायची नाही. खाण्याच्या बाबतीत मात्र नुसता आकार पाहून भागत नाही. अख्खे दाणे, हरभरे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, कडक गोळ्या, रेवड्या, चिकट टॉफ्या, कच्च्या गाजराचे तुकडे हे सगळं निदान चार वर्षांपर्यंत नकोच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मी पाच धरते. छोट्या डब्यांतली जेली फार घातक. ती घशाचा आकार घेऊन घट्ट बसते आणि पाठीत थोपटूनही निघत नाही. जानेवारीत द्राक्षं यायला लागलेली असतात, ती द्यायची तर उभी चिरून, एकाच्या चार फाका करून. दाणा वाईट नाही, अख्खा दाणा वाईट. दाण्याचं कूट, कुटाचा मऊ लाडू मुलांना खुशाल द्यावा, ॲलर्जी नसेल तर.

खाऊ म्हणून त्या दिवशी मऊ काहीतरी असावं. साजूक तुपातला शिरा, छोट्या इडल्या, किसलेल्या गाजराचा हलवा, केळं, भाजीचे मऊ पराठे. गूळपोळीची कड काढून मधला मऊ भाग. आणि मुलं खाली मांडी घालून, ताटल्या समोर घेऊन खातील. हातात खाऊ आणि पायांत पळणं, हे त्या दिवशी कुणालाच नाही, मोठ्या मुलांनाही नाही. ज्याच्या तोंडात घास आहे त्याला हसवायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, फोटोसाठी ‘हस ना’ म्हणायचं नाही. ताई-दादांना आधी जवळ बसवून समजावून सांगावं, की धाकट्यांना आपल्या हाताने काही भरवू नका. सहा-सात वर्षांची मुलं हे उत्तम समजून घेतात, किंबहुना त्यांना जबाबदारी दिली की ती मोठ्यांपेक्षा काटेकोर राखण करतात.

राखणीवरून आठवलं. घरात बायका वीस असल्या तरी मुलांकडे लक्ष कुणाचंच नसतं, कारण प्रत्येकीला वाटतं दुसरी बघते आहे. म्हणून एका मोठ्या माणसाला फक्त हेच काम द्यावं. बाळाच्या आईला नाही, ती पाहुण्यांत अडकते. काका, मामा, आजोबा, कुणीही. त्याने हळदीकुंकवाचं तबक धरायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, फोन घ्यायचा नाही. जमिनीवरच्या मुलांकडे बघत राहायचं.

हलव्याच्या दागिन्यांबद्दल थोडं. ते माझ्या फार जिव्हाळ्याचे. खसखशीवर, तिळावर किंवा साबुदाण्यावर मंद आचेवर साखरेचा पाक थेंबाथेंबाने चढवत काटा आणायचा, हे काम करणाऱ्या हातांना मी लहानपणापासून पाहिलं आहे. पण हलव्याचा प्रत्येक दाणा ही एक कडक गोळीच आहे, आणि दागिना गोड आहे हे कळायला बाळाला दोन मिनिटं पुरतात. बाजारच्या दागिन्यांत तार, टाचणी, स्टेपलरची पिन, चमकीचे मणीही असतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला लोकरीचे किंवा कापडी दागिने करावेत. मोठ्या बाळाला हलव्याचे घालायचे तर कापडाच्या पट्टीवर शिवलेले, गळ्यात लोंबता दोरा न ठेवता, आणि औक्षण आणि फोटो झाले की लगेच उतरवून. औक्षणाचं निरांजन नायलॉनच्या झालरीपासून आणि केसांपासून लांब ठेवावं; काळं झबलं सुती असलं तर फारच चांगलं.

आमच्या इमारतीत एक तेलुगू कुटुंब आहे. त्यांच्याकडे भोगीच्या दिवशी असाच विधी असतो, भोगी पळ्ळु म्हणतात त्याला. बोरं, उसाचे तुकडे, फुलं आणि नाणी मुलांच्या डोक्यावरून ओततात. त्या आजींशी मी हे सगळं बोलले. त्यांनी नाणी थांबवली आणि फुलं वाढवली. नाणं गिळलं जातं आणि अन्ननळीत अडकतं. त्याहून वाईट म्हणजे बटणासारखी चपटी बॅटरी. लुकलुकणारी, गाणं म्हणणारी खेळणी आपण मुलांना वाण म्हणून देतो, त्यांत ती असते. अन्ननळीत अडकली तर दोन तासांत आतला भाग भाजून निघू शकतो. म्हणून वाण देताना बॅटरीचं खेळणं टाळावंच. खेळणं द्यायचंच तर आयएसआय चिन्ह पाहावं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ते सक्तीचं आहे. मी आता चित्रांची पुस्तकं देते. फुगे लावले तर ते उंचावर, आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे तिथल्या तिथे गोळा करून टाकायचे. रबराचा पातळ तुकडा श्वासनळीवर चिकटून बसतो.

आणि चहा. बोरनहाण मुलांचं असलं तरी ट्रे भरभरून चहा, मसाला दूध फिरत असतं. रांगणारी, पायांत घुटमळणारी मुलं आणि त्यांच्या डोक्यावरून जाणारे वाफाळते कप, हे एका खोलीत असूच नये. ओतल्यावर पाव तासानेही चहा मुलाची कातडी भाजण्याइतका गरम असू शकतो. मुलांची कातडी पातळ, आणि एक कप चहा त्यांच्या छातीभर पसरतो. मांडीवर बाळ आणि हातात कप असं बसू नये. टीपॉयवर लोंबणारं कापड घालू नये, ते ओढलं की कप खाली येतो. मोठ्यांचा चहा मुलांचं सगळं आटोपल्यावर, नाहीतर दुसऱ्या खोलीत. कुणाला भाजलंच तर भिजलेले कपडे आणि दागिने दूर करावेत आणि नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली ती जागा वीस मिनिटं धरावी, घड्याळ लावून. कपडा चिकटला असेल तर ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यातलं काहीही लावू नये. मग स्वच्छ ओलसर कापड झाकून डॉक्टरांकडे. मुलांना स्वतःला चहा द्यायचा नाही. पाच वर्षांखाली चहा-कॉफी नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही सांगणं आहे. हौसेने छोट्या कपातून काही प्यायचं असेल तर कोमट दूध आहे.

एवढं करूनही ठसका लागू शकतो. तेव्हा काय करायचं ते बोरनहाणाच्या आधी घरातल्या निदान दोघांनी शिकून घ्यावं. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर हवा येते-जाते आहे. त्याला खोकू द्यावं, पाणी पाजू नये, उलटं टांगू नये, घशात बोट घालू नये. आंधळेपणाने घातलेलं बोट तुकडा आणखी खाली ढकलतं. खोकल्याला आवाज नाही, रडू फुटत नाही, ओठ निळसर होत आहेत असं दिसलं, की वाट पाहायची नाही. एकाने १०८ किंवा ११२ ला फोन लावावा, दुसऱ्याने हात चालवावेत.

बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर त्याला आपल्या हातावर पालथं घ्यावं, डोकं अंगापेक्षा खाली, जबड्याला आधार, आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दोन खवाट्यांच्या मध्ये पाच वेळा नेटाने थापा माराव्यात. वस्तू निघाली नाही तर बाळाला उताणं करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर पाच दाब द्यावेत. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच दाब. वर्षाच्या पुढच्या मुलाला पुढे वाकवून पाठीत पाच थापा. न निघाल्यास त्याच्या मागे गुडघ्यांवर बसावं, दोन्ही हातांनी वेढा घालून एक मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली ठेवावी, दुसऱ्या हाताने ती धरावी आणि आत-वर असे पाच हिसके द्यावेत. हे हिसके वर्षाच्या आतल्या बाळाला कधीही द्यायचे नाहीत, त्याच्या पोटातले अवयव दुखावतात. वस्तू निघेपर्यंत थापा आणि हिसके आलटून पालटून चालू ठेवावेत. मूल निपचित पडलं तर जमिनीवर झोपवून सीपीआर सुरू करावा, रुग्णवाहिका येईपर्यंत. आणि ज्या मुलाला पोटात हिसके दिले, त्याला वस्तू निघाल्यावरही तपासून आणावं.

हे वाचून कळतं, पण हाताला येत नाही. पुतळ्यावर एकदा करून पाहिलं की येतं. प्रथमोपचाराचे वर्ग अनेक ठिकाणी असतात. रुग्णालयं, रेड क्रॉस, काही गृहनिर्माण संस्थाही घेतात. आमच्या इमारतीत आता डिसेंबरात एका रविवारी असा वर्ग असतो. संक्रांतीच्या आधी. आजोबाही येतात, घरकाम करणाऱ्या मावश्याही येतात, आणि मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या त्याच असतात म्हणून त्यांना मी पहिल्या रांगेत बसवते.

शेवटचं काम समारंभानंतरचं. पाहुणे गेल्यावर लगेच, मुलांना परत खोलीत सोडायच्या आधी, फरशी झाडून घ्यावी. सोफ्याखाली, गालिच्याच्या कडेला, पलंगाखाली बॅटरी मारून पाहावं. हलव्याचे दाणे फार लांब घरंगळतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या ज्या घरची पाच वर्षांखालची मुलं आली होती, त्या प्रत्येक आईला फोन करावा. ‘काल मजा आली’ हे तर बोलायचंच, पण त्याआधी विचारायचं, ‘रात्री खोकला वगैरे काही नव्हता ना? इथे खाताना ठसका लागलेला तुला आठवतो का?’ ती ‘हो, जरासा’ म्हणाली, तर फोन ठेवण्यापूर्वी तिला सांगावं, की आजच डॉक्टरांकडे जा आणि ‘काल दाणा खाताना ठसका लागला होता’ हे वाक्य सगळ्यांत आधी बोल.